‘मालमत्तेचा हक्क घटनादुरुस्तीने गेला’ असं सांगतात, ते कितपत खरं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीतून १९७२ च्या दुष्काळी कामात रस्ता गेला. भूसंपादन झालं नाही, निवाडा (भरपाई ठरवणारा अधिकाऱ्याचा आदेश) झाला नाही, पैसा मिळाला नाही. सातबारावर क्षेत्र आजही पूर्ण दिसतं. आता त्याच रस्त्याचं रुंदीकरण निघालं आहे आणि चौकशीला गेल्यावर त्यांना उत्तर मिळालं, ‘मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकला आहे, रस्त्याला जमीन द्यावीच लागते.’ नातवाचं विचारणं आहे की हे खरं आहे का, आणि खरं असेल तर राज्यघटना आमच्यासाठी काय करते?

मी भूसंपादनाचीच प्रकरणं चालवतो, त्यामुळे हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. ते अर्धं खरं आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाने अनेक कुटुंबांचं नुकसान केलं आहे. तुमचा हक्क घटनादुरुस्तीने गेलेला नाही. तुमच्या प्रकरणातला खरा धोका वेगळाच आहे. तो म्हणजे मधे गेलेला काळ. पण त्याआधी घटनादुरुस्तीचं नीट बघू, कारण तिथे गैरसमज राहिला तर माणूस लढायच्या आधीच हरतो.

मूळ राज्यघटनेत मालमत्तेचं संरक्षण दोन ठिकाणी होतं. मालमत्ता मिळवण्याचं, धारण करण्याचं आणि विकण्याचं स्वातंत्र्य अनुच्छेद १९(१)(च) मध्ये, आणि सरकारने ती घ्यायची असेल तर कायदा, सार्वजनिक प्रयोजन व नुकसानभरपाई या अटी अनुच्छेद ३१ मध्ये. दोन्ही मूलभूत हक्क होते. १९७८ साली संसदेने ४४ वी दुरुस्ती केली आणि २० जून १९७९ पासून ही दोन्ही कलमं निघाली. त्याच दिवशी अनुच्छेद ३००क आला. तो एका वाक्याचा आहे: कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कोणत्याही व्यक्तीला तिच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. जुन्या अनुच्छेद ३१ चं पहिलं उपकलम जवळपास याच शब्दांत होतं. म्हणजे घर तेच राहिलं, हक्काची खोली बदलली. मूलभूत हक्क होता तो घटनात्मक हक्क झाला.

व्यवहारात याचा फरक काय पडला? मालमत्तेसाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा दरवाजा बंद झाला. उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, म्हणजे सरकारच्या बेकायदा कृतीविरुद्ध थेट अर्ज, करण्याचा दरवाजा उघडाच राहिला. अधिकाऱ्याने कायद्याशिवाय जमीन घेतली तर ती १९७५ साली जितकी बेकायदा होती तितकीच आजही आहे. ‘हक्क गेला’ म्हणणारे ही गोष्ट सांगत नाहीत. बहुतेक वेळा ती त्यांनाही ठाऊक नसते.

एवढं सगळं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागतं. जमीनसुधारणा आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क यांची टक्कर घटना लागू झाल्यावर लगेच सुरू झाली. बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, अनुच्छेद ३१क, ३१ख आणि नववी अनुसूची आली. या अनुसूचीत टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात आहे म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ती रचना होती. सुरुवातीच्या तेरा कायद्यांत दुसऱ्या क्रमांकावर आपला मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ होता. त्याच कायद्यात पुढे बदल होऊन १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ जमिनीचा मालक झाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची आजची शेती या संरक्षणामुळे टिकली, म्हणून मालमत्तेच्या हक्काला घातलेली प्रत्येक मर्यादा सामान्य माणसाच्या विरोधात होती असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याच्या आजोबांना कूळकायद्याने जमीन मिळाली, त्यालाही आज रस्त्यासाठी ती फुकट घेऊ नका असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

पुढची पंचवीस वर्षं संसद आणि न्यायालय यांच्यात याच प्रश्नावर ओढाताण चालली. चौथ्या दुरुस्तीने १९५५ मध्ये भरपाई पुरेशी आहे का हे तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार काढला. १९६७ मध्ये गोलकनाथ प्रकरणात अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच मतांनी सांगितलं की संसद मूलभूत हक्क कमी करूच शकत नाही. १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने संसदेने तो अधिकार परत घेतला, आणि मग केशवानंद भारती प्रकरण आलं. केरळमधल्या एडनीर मठाच्या जमिनींवरून सुरू झालेला हा खटला तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस चालला. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: संसद घटनेच्या कोणत्याही कलमात दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

जमिनीच्या खटल्यातून जन्मलेली ही मर्यादा जमिनीच्या हक्काला मात्र लाभली नाही. ज्यांच्या मताने पारडं झुकलं त्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीचा भाग नाही असंच म्हटलं होतं. त्यामुळे पाच वर्षांनी तो मूलभूत हक्कांतून काढता आला. आणि आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने संसदेला अमर्याद अधिकार देणारी जी उपकलमं अनुच्छेद ३६८ मध्ये घातली, ती याच चौकटीच्या कसोटीवर १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स प्रकरणात रद्द झाली. चौकट हे तुमचं संरक्षण आहे. पण ती प्रत्येक हक्काला सारखं संरक्षण देत नाही, हे माहीत असलेलं बरं.

४४ व्या दुरुस्तीबद्दल आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण तिच्यावर एकतर्फी राग दिसतो. एक म्हणजे याच दुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० (गुन्ह्याच्या आरोपातलं संरक्षण) आणि २१ (जिवाचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) मधले हक्क स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. १९७६ साली बंदी प्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत जिवाच्या हक्कासाठीही दाद मागता येत नाही असं म्हटलं होतं. ते पुन्हा घडू नये म्हणून हा बदल होता. दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. विधेयकासोबतच्या उद्दिष्ट व कारणांच्या निवेदनातच म्हटलं होतं की जमीनधारणेच्या कमाल मर्यादेच्या आत स्वतः जमीन कसणाऱ्याला बाजारभावाने भरपाई मिळण्याचा हक्क यामुळे बाधित होणार नाही. हा हक्क १९६४ च्या १७ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३१क च्या दुसऱ्या परंतुकात (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटीत) आला होता आणि तो आजही जागेवर आहे. ३१ गेला, ३१क राहिला. हे परंतुक मुळात जमीनसुधारणेच्या कायद्यांच्या संदर्भातलं आहे, म्हणून रस्त्याच्या प्रकरणात केवळ त्याच्यावर विसंबून याचिका करू नका. पण राज्यघटना कसणाऱ्या शेतकऱ्याकडे कशी पाहते हे सांगायला त्यासारखा दुसरा आधार नाही.

आता अनुच्छेद ३००क मध्ये ‘नुकसानभरपाई’ हा शब्दच नाही, मग ती कशी मागायची, असा प्रश्न येतो. २०११ मध्ये के. टी. प्लांटेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने याचं उत्तर दिलं: सार्वजनिक प्रयोजन आणि भरपाईचा दावा या दोन्ही गोष्टी त्या एका वाक्यातच गृहीत आहेत. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणांसह निर्णय, फक्त सार्वजनिक प्रयोजनासाठीच संपादन, योग्य भरपाई, वेळेत आणि कार्यक्षमपणे प्रक्रिया, आणि ती प्रक्रिया शेवटाला नेली जाणं, असे सात हक्क ३००क च्या पोटात आहेत असं त्या निकालात सांगितलं आहे. शेवटच्या हक्काकडे विशेष लक्ष द्या. ताबा घ्यायचा आणि निवाडा वर्षानुवर्षं लटकत ठेवायचा, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार थेट त्यात बसते.

मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींवरून निघालेला प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनचा खटलाही ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांनी निकाली काढला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही अनुच्छेद ३९(ख) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असं बहुमताने सांगितलं गेलं. तुमच्या रस्त्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण ‘सगळी जमीन शेवटी सरकारचीच’ असं कुणी म्हणालं तर हा निकाल आठवावा.

इथून पुढे तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो.

१९७२ च्या दुष्काळात हजारो मजुरांना काम द्यायचं म्हणून गावोगाव रस्ते, बंडिंग, पाझर तलाव काढले गेले. माणसं जगवायची घाई होती, त्यामुळे कागद मागे राहिला. बऱ्याच शेतकऱ्यांनी तेव्हा हरकत घेतली नाही, कारण गावाला काम मिळत होतं आणि रस्ताही हवा होता. वीस वर्षांनी अशाच जमिनींच्या भरपाईच्या याचिका औरंगाबाद खंडपीठात झाल्या, मंजूरही झाल्या, आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ च्या ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध दिगंबर’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस वर्षांच्या विलंबाचं समाधानकारक कारण नसताना रिट अधिकारात दिलासा देता येणार नाही. तुमच्या याचिकेला सरकारी वकील पहिलं उत्तर हाच निकाल दाखवून देतील, याची मनाशी तयारी ठेवा. तुमचा वकील या निकालाचं नावही काढत नसेल तर दुसरा वकील शोधा.

पण गोष्ट तिथे थांबलेली नाही. २०१२ मध्ये तुकाराम काना जोशी यांच्या प्रकरणात, नवी मुंबईतल्या शिरवणे गावच्या जमिनीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. १९६४ मध्ये औद्योगिक विकास महामंडळासाठी अधिसूचना निघाली होती, ताबा गेला, निवाडा झालाच नाही. शेतकरी अशिक्षित होते आणि वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवत होते. उच्च न्यायालयाने विलंबावर याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ती उलटवली, मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्कही आहे असं म्हटलं आणि भरपाईचा मार्ग मोकळा केला.

मग ८ जानेवारी २०२० चा विद्यादेवी निकाल आला. हिमाचल प्रदेशातल्या ऐंशी वर्षांच्या अशिक्षित विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्याला गेली होती. सरकारचा बचाव असा की तिने तोंडी संमती दिली होती, आणि आता इतक्या वर्षांच्या प्रतिकूल कब्जाने, म्हणजे दुसऱ्याची जमीन दीर्घकाळ उघडपणे ताब्यात ठेवल्याने, जमीन सरकारचीच झाली आहे. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. कल्याणकारी राज्याने आपल्याच नागरिकाविरुद्ध प्रतिकूल कब्जाचा दावा करावा हे न्यायालयाला मान्य झालं नाही. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जमीन घेतली तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कच होता, हे न्यायालयाने मुद्दाम नोंदवलं. तुमची जमीन गेली १९७२ ला, हक्काची जागा बदलली १९७९ ला. ज्या दुरुस्तीचं नाव घेऊन तुम्हाला परत पाठवलं, ती तुमच्या पहिल्या ताब्याच्या दिवशी अस्तित्वातच नव्हती! २०२२ मध्ये हिमाचलच्याच सुखदत्त रात्रा प्रकरणात १९७२-७३ साली रस्त्याला गेलेल्या जमिनीसाठीही न्यायालयाने याच दिशेने भरपाई दिली.

मग दिगंबर खरा की विद्यादेवी? माझं मत असं की निकाल तुमच्या कागदांवर ठरेल. हिमाचलच्या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान होती: त्याच रस्त्याला गेलेल्या शेजारच्या जमिनींना न्यायालयामुळे भरपाई मिळाली होती आणि या लोकांना मात्र नाही. शिरवण्याच्या शेतकऱ्यांनी पाठपुरावा केल्याचा पुरावा होता. म्हणून तुम्ही आधी हे शोधा. त्या रस्त्याला गेलेल्या कुठल्याही गटाचं पुढे भूसंपादन झालं का? कुणाला निवाड्याने पैसे मिळाले का? तुमच्या आजोबांनी किंवा वडिलांनी तहसीलदार, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद यांच्याकडे कधी अर्ज केला होता का? घरातल्या जुन्या ट्रंकेत पोच असलेला एक पिवळा कागद सापडला तर प्रकरणाचं वजन बदलतं. माहितीच्या अधिकारात त्या रस्त्याच्या निवाड्याची प्रत, ताबा पावती, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि रस्त्याच्या दर्जोन्नतीचे आदेश मागा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. संपादन झाल्याचा कागद सरकारकडे नाही याचा तोच पुरावा.

सातबारा नीट वाचा. रस्त्याखालचं क्षेत्र पोटखराब वर्ग ‘ब’ मध्ये (सार्वजनिक वापरामुळे लागवडीबाहेर) दाखवलं आहे का, फेरफार झाला आहे का, भूमी अभिलेख कार्यालयात त्या गटाचं कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) झालं आहे का, हे बघा. रीतसर संपादन झालं असतं तर कमी-जास्त पत्रकाने तुमचं क्षेत्र घटलं असतं. ते घटलेलं नाही, म्हणजे सरकारच्या स्वतःच्या दप्तरात आजही मालक तुम्हीच आहात.

रुंदीकरणाची जमीन मात्र जुन्या प्रश्नात मिसळू नका. नव्याने जी पट्टी जाणार तिथे विलंबाचा मुद्दाच नाही, आणि २०१३ चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे, तिथे पूर्ण ताकदीने लागतो. बाजारमूल्य, ग्रामीण भागासाठी शासन ठरवेल तो एक ते दोनपर्यंतचा गुणांक, झाडं-विहिरी-पाइपलाइनची किंमत, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम). प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस असतात. निवाड्याची रक्कम कमी वाटली तर कलम ६४ खाली संदर्भ मागता येतो, म्हणजे प्रकरण रक्कम ठरवणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायला सांगता येतं. निवाड्याला हजर असाल तर त्यासाठी सहा आठवडेच मिळतात. शेजाऱ्याला न्यायालयातून वाढीव मोबदला मिळाला तर कलम ७३ खाली तुम्हीही मागू शकता, पण तीन महिन्यांत. या मुदती चुकल्या तर राज्यघटनेतला कुठलाही अनुच्छेद सहजी मदतीला येत नाही.

बऱ्याचदा मोजणीच्या वेळी एक छापील संमतीपत्र पुढे केलं जातं आणि जुना रस्ता व नवी पट्टी दोन्ही त्यात एकत्र लिहिलेली असतात. वाचल्याशिवाय सही करू नका. द्यायचीच असेल तर ‘१९७२ पासून रस्त्याखाली असलेल्या क्षेत्राच्या भरपाईचा हक्क राखून’ असं हाताने लिहा. थेट खरेदीचा प्रस्ताव आला तर तो नेहमीच वाईट नसतो, पैसे लवकर मिळतात. पण खरेदीखत झालं की वाढीव मोबदल्यासाठी भांडायला बहुधा जागा उरत नाही, हे धरूनच दर ठरवा.

शेवटी तुमच्या दुसऱ्या, मोठ्या प्रश्नाबद्दल. कुठल्याही घटनादुरुस्तीने ‘हक्क गेला’ किंवा ‘हक्क मिळाला’ असं ऐकलं की आधी त्या दुरुस्तीचा मजकूर आणि अंमलाची तारीख बघा. संसदेत मंजूर झालेली प्रत्येक तरतूद लागू होतेच असं नाही. ४४ व्या दुरुस्तीतच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची (गुन्हा होण्याआधीच अटकेत ठेवण्याची) सल्लागार मंडळाच्या मताशिवायची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारं कलम ३ आहे. ते अंमलात आणण्याची अधिसूचना निघालेलीच नाही. ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये दिलेला शिक्षणाचा मूलभूत हक्क प्रत्यक्षात १ एप्रिल २०१० पासून मिळाला. सहकारी संस्थांची ९७ वी दुरुस्ती तर साखर कारखान्यांच्या पट्ट्यात सगळ्यांनी ऐकली आहे. सहकारी संस्था स्थापन करण्याचं स्वातंत्र्य तिने अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये घातलं आणि ते टिकलं. पण तिनेच आणलेला भाग ९ख राज्यांतल्या संस्थांपुरता २०२१ मध्ये रद्द ठरला, कारण त्यासाठी निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता घ्यायला हवी होती आणि ती घेतली नव्हती.

तुम्हाला आत्ता करायचं काम एवढंच: नव्या रस्त्याची अधिसूचना निघाली असेल तर साठ दिवस मोजा आणि भूसंपादन अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या. जुन्या रस्त्याचं क्षेत्र वेगळ्या परिच्छेदात लिहा, त्याची स्वतंत्र मोजणी मागा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. सुनावणीला स्वतः जा आणि निर्णयाची कारणांसह प्रत मागा. जुन्या क्षेत्राबद्दल काहीच निर्णय दिला नाही तर तो अर्ज, पोच आणि माहिती अधिकाराची उत्तरं घेऊन उच्च न्यायालयात जा. सांगलीसाठी आता कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.